चार ओळी की चार पाने? लोकांसाठी लिहिताना करावयाची निवड

ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर भिंतीवर एक फलक असतो. त्यावर दोन प्रकारचे कागद लावलेले दिसतात. एक प्रकार चार-पाच ओळींचा. अमुक दिवशी लसीकरण आहे, अमुक तारखेपर्यंत घरपट्टी भरावी, अमुक वेळी ग्रामसभा भरेल, असा त्याचा मजकूर असतो. दुसरा प्रकार चार-पाच पानांचा, कोपऱ्यात टाचणी मारून लटकवलेला. वाऱ्याने त्याची पाने फडफडतात आणि पावसाळ्यात त्याची शाई उतरते. पहिला कागद जाता-येता सर्व जण वाचतात, दुसरा बहुधा कोणीच वाचत नाही. यावरून लोकांसाठी लिहावयाचे ते थोडक्यातच लिहावे, असा निष्कर्ष काढला जातो. हल्ली गावातील निरोप भ्रमणध्वनीवरून क्षणात घरोघर पोहोचत असल्याने या निष्कर्षाला अधिकच बळ आले आहे. तो सोयीचा आहे यात शंका नाही. तथापि त्यावर विसंबून राहिल्यामुळे गावाच्या कारभारात कोणते घोटाळे होतात, हे जरा बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

थोडक्यात लिहिण्याचे आकर्षण आजचे नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे शब्द तोलून लिहीत. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल की, खेड्यात तार आली म्हटले की ती उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. मजकूर 'ताबडतोब निघा' एवढाच असे. कशासाठी निघावयाचे, ही जागा वाचणाऱ्याने आपल्या भीतीने भरून काढावयाची! त्रोटक लेखनाचा हा गुणधर्म पंचायतीच्या आणि शासनाच्या कामातही तसाच प्रत्ययास येतो. जेथे कारण लिहिलेले नसते, तेथे लोक आपापले कारण घालतात.

मराठीतील दोन वाटा

सार्वजनिक प्रश्नांवर मराठीत छापून लिहिण्याची परंपरा बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पासून, म्हणजे ६ जानेवारी १८३२ पासून सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात, थोडक्यात लिहावे की सविस्तर, या प्रश्नाला दोन थोर लेखकांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली. ती दोन्ही उत्तरे आजही उपयोगी पडण्यासारखी आहेत.

भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात १८४८ सालापासून 'लोकहितवादी' या नावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. लेखक होते गोपाळ हरि देशमुख आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. सुमारे दोन वर्षांत अशी १०८ पत्रे निघाली. पुढे ती 'शतपत्रे' म्हणून ओळखली जाऊ लागली. प्रत्येक पत्र आटोपशीर. बहुधा एका पत्रात एकच विषय. विद्येची उपेक्षा, विधवांची स्थिती, इंग्रजी राज्यापासून घ्यावयाचे धडे, देशात तयार झालेल्याच वस्तू वापरण्याची आवश्यकता, असे कितीतरी विषय त्यांनी आठवड्या-आठवड्याला वाचकांसमोर टाकले. पाव तासात वाचून होईल, त्यावर चावडीवर किंवा कचेरीत दोन शब्द बोलता येतील आणि पुढच्या आठवड्यात नवे पत्र येईल, असा हा क्रम होता. वर्तमानपत्र वाचण्याची सवयच ज्या समाजाला नुकती लागत होती, त्या समाजासाठी हे रूप योग्यच होते.

याच्या उलट मार्ग विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी धरला. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढील सात-आठ वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीविषयी होता. कित्येक निबंध अंकामागून अंक चालत. विषय मांडावयाचा, त्यावरील आक्षेप घ्यावयाचे, त्यांचे निरसन करावयाचे, दाखले द्यावयाचे आणि मगच पुढे जावयाचे. वाचकाकडून महिनोन्महिने लक्ष मागणारे हे लेखन लोकांनी वाचले आणि त्याच्यावर एक पिढी पोसली गेली. चिपळूणकरांची सर्व मते आज कोणी स्वीकारणार नाही, विशेषतः जोतीराव फुले यांच्यासंबंधीची तर नाहीच. परंतु ती मते कोणत्या आधारावर उभी होती हे त्यांनी सविस्तर लिहून ठेवल्यामुळे, ती खोडणाऱ्यालाही काय खोडावयाचे हे नेमके कळते. सविस्तर लेखनाचा हा लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही.

लोकहितवादींच्या पत्रांना दुसरीच अडचण भोवली. छोट्या पत्रात मत ठासून सांगता येते, पण त्याचा आधार देण्यास जागा उरत नाही. त्यामुळे त्यातील एखादे तिखट वाक्य उचलून लेखकावर झोड उठविणे सोपे जाते. 'निबंधमाले'त लोकहितवादींवर अशी टीका विस्ताराने झाली. गंमत अशी की, आटोपशीर पत्रांतील विधानांना तोंड देण्यासाठी चिपळूणकरांना पानेच्या पाने लिहावी लागली. एका ओळीतील आरोपाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, याचा अनुभव प्रत्येक सरपंचाने घेतलेला असतो. मात्र लोकहितवादींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी एक पत्र लिहून हात झटकले नाहीत. १०८ पत्रे ओळीने वाचली म्हणजे सुटी सुटी वाटणारी विधाने एकमेकांना आधार देऊ लागतात. थोडक्यात लिहिणाऱ्याने चिकाटीने लिहीत राहावे लागते, एरवी त्याचे लिहिणे म्हणजे केवळ खडे फेकणे ठरते.

तिसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. कर्ज, सारा, पाटबंधारे, कचेऱ्यांतील नाडवणूक, शेतकऱ्याचे घर, त्याचे कपडे, त्याचे अन्न यांचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. मग जोतीरावांनी तो चार ओळींत आणला काय? नाही. त्यांनी त्याचे भाग ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविले. ऐकणाऱ्यांत खेड्यांतील शेतकरी होते, तसेच बडोद्याचे सयाजीराव महाराजही होते. लोक कमी शिकलेले आहेत म्हणून त्यांना कमी सांगावे, ही समजूत त्यांनी १८८३ मध्येच कृतीने खोडून काढली होती. दीर्घ मजकूर वाचला जात नसेल तर तो ऐकविण्याची सोय करता येते. मजकूरच कापून टाकला तर मात्र कोणतीही सोय उरत नाही.

वाचणाऱ्याला काय करावयाचे आहे?

मग निवड कशी करावी? कागदाचा आकार, वाचकाचा वेळ, लिहिणाऱ्याचा कंटाळा यांवर ती सोपवू नये. तो मजकूर वाचून माणसाला काय करावयाचे आहे, हे आधी ठरवावे. त्याला केवळ एखादे काम करावयाचे असेल तर थोडक्यात लिहावे. त्याला एखाद्या गोष्टीला संमती द्यावयाची असेल, किंवा त्या निर्णयामुळे त्याचे काही जाणार असेल, तर सविस्तर लिहिलेच पाहिजे.

गुरुवारी नळाला पाणी येणार नाही, ही सूचना घेऊ. येथे वाचणाऱ्याला बुधवारी भांडी भरून ठेवावयाची आहेत. दिवस, वेळ, कोणत्या वाड्यांत, पाणी पुन्हा केव्हा सुरू होईल आणि अडचण आल्यास कोणाकडे जावे, एवढे त्याला पुरते. जलवाहिनीच्या दुरुस्तीचा इतिहास त्यात घातला तर मुख्य वाक्य त्याच्याखाली दबून जाते. कित्येक सूचनांचे असेच होते. 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' यातच दोन ओळी संपतात आणि दिवस कोणता हे शोधावे लागते. सूचनेत तारीख व वार दोन्ही लिहावेत. नुसती तारीख लिहिली तर मजुरी करणारी बाई हातातील काम सोडून वार मोजत बसत नाही. 'उद्या' हा शब्द तर सूचनेत कधीच येऊ नये, कारण कागद तीन दिवस भिंतीवर राहतो आणि प्रत्येक दिवसाचा उद्या वेगळा असतो.

आता गायरानातील काही जमीन एखाद्या कामासाठी देण्याचा प्रस्ताव घेऊ. 'गायरान जमिनीबाबत चर्चा करणे' असे विषयपत्रिकेवर चार शब्द येतात. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्याने या चार शब्दांवरून सभेला यावयाचे की नाही हे कसे ठरवावे? किती जमीन, कोणत्या बाजूची, कशासाठी, किती मुदतीकरिता, गुरांनी त्यानंतर कोठे चरावे आणि पाणवठ्याकडे जाणारी वाट राहील की नाही, हे लिहिल्याशिवाय त्याला विचारले असे म्हणताच येणार नाही. अशा वेळी थोडक्यात लिहिणे म्हणजे वाचकाचा वेळ वाचविणे नव्हे. त्याचा आवाज आधीच बंद करणे होय. असे बहुधा हेतुतः होत नाही, सवयीने होते. पण ज्याचा चारा गेला त्याला हेतूने काय फरक पडतो?

पाणीपट्टीची हकीकत

नोकरीच्या काळात एका गावी पाहिलेला प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नळपाणी योजनेचे वीज देयक थकले होते. पंचायतीने पाणीपट्टी जवळजवळ दुप्पट करण्याचे ठरविले आणि तशी दोन ओळींची सूचना फलकावर लागली. दुसऱ्याच दिवसापासून गावात तर्क सुरू झाले. कोणी म्हणे पंपाच्या खरेदीत पैसे खाल्ले, कोणी म्हणे वसुली न देणाऱ्या बड्यांचे ओझे गरिबांवर टाकले. त्या गावाच्या कारभाराची माहिती ठेवणे हे माझेही काम होते आणि ती दोन ओळींची सूचना मी पाहिली होती. मला त्यात काही खटकले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

ओरड वाढल्यावर सचिवांनी सहा पानांचे टिपण तयार केले. विजेचा खर्च, टीसीएल पावडर, पंपाची दुरुस्ती, थकबाकी, वाडीवार पाणी सोडण्याचे तास, सर्व काही त्यात होते. टिपण उत्तम होते. ते फलकावर लागले आणि कोणीही वाचले नाही. शेवटी गावातील एका निवृत्त गुरुजींनी ते उतरवून घेतले आणि संध्याकाळी वाडीवाडीवर बसून वाचून दाखविले. कोठे देवळाच्या ओट्यावर, कोठे अंगणवाडीच्या पडवीत बैठक झाली. ते भराभर वाचत नसत. एक पान झाले की थांबत आणि कोणाला काही विचारावयाचे आहे का असे म्हणत.

जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत तिसरे पान वाचून झाल्यावर एका वयस्क बाईंनी विचारले, "गुरुजी, वरच्या आळीला रोज दीड तास अन् आम्हाला दिवसाआड पाऊण तास, असं तुम्हीच वाचलंत. मग पट्टी सारखी का हो?" हा प्रश्न दोन ओळींच्या सूचनेवरून निघालाच नसता. सहा पानांत त्याचे उत्तर नव्हते, पण प्रश्न निघण्यास लागणारी माहिती होती. पुढच्या ग्रामसभेत हाच मुद्दा निघाला, वाद झाला आणि टोकाच्या वाडीला दुसरी टाकी होईपर्यंत कमी दर ठेवण्याचे ठरले. उरलेल्या गावाने वाढीव दर मान्य केला. पंपखरेदीची कुजबुज कशी थांबली हे कोणाच्या लक्षातही आले नाही. त्या सभेनंतर गावाने मंजूर केलेल्या ठरावाची दवंडी पिटली गेली, ती मात्र दोनच ओळींची होती आणि तेव्हा तेवढ्या ओळी पुरल्या.

विचारणाऱ्याचे १५० शब्द

माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने या प्रश्नाची एक वेगळीच बाजू पुढे आली आहे. हा कायदा २००५ सालचा. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली आपल्या नियमांत सुधारणा करून, अर्ज एकाच विषयासंबंधी असावा आणि सामान्यतः १५० शब्दांहून मोठा नसावा, असे ठरविले. त्याच वर्षी केंद्र शासनाने केलेल्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे. या मर्यादांवर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याला थोडक्यात लिहिणे अधिक कठीण जाते. आपली सगळी हकीकत सांगितल्याखेरीज आपले म्हणणे कळणार नाही, असे त्याला वाटते. शिक्षकांनी अशा माणसाला अर्ज लिहून देण्यापेक्षा, हकीकतीतून प्रश्न कसा वेगळा काढावयाचा हे शिकविले तर मोठेच काम होईल. 'माझ्या घरकुलाचे काय झाले' ही हकीकत झाली. 'अमुक वर्षाच्या घरकुल यादीतील माझ्या अर्जावर कोणत्या तारखेस कोणता शेरा मारला गेला, त्याची प्रत मिळावी' हा प्रश्न झाला. दुसरा मजकूर पंचवीस शब्दांच्या आत बसतो आणि त्याला उत्तर देणे टाळता येत नाही.

पण विचारणाऱ्याने थोडक्यात लिहावे असा दंडक असला तरी उत्तर देणाऱ्याने त्रोटक असावे, असे कायदा कोठेही म्हणत नाही. उलट, प्रशासकीय निर्णयामुळे ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना त्या निर्णयाची कारणे सांगण्याचे कर्तव्य याच कायद्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकलेले आहे. ती मागण्याची वाट पाहावयाची नाही, आपण होऊन द्यावयाची आहेत. 'नियमात बसत नसल्याने अर्ज नामंजूर' हे वाक्य थोडके आहे, पण त्यात कारण नाही. कोणता नियम आणि अर्जातील कोणती बाब त्यात बसत नाही, हे लिहिण्यास आणखी तीन ओळी लागतात. त्या तीन ओळींअभावी अपील होते, सुनावणी होते आणि मग त्याच अधिकाऱ्याला तीन पाने लिहावी लागतात.

सारांश आणि मूळ

थोडके आणि सविस्तर या दोहोंची सांगड घालण्याचा जो मार्ग कायद्यांनी स्वीकारला आहे तो म्हणजे सारांश. पर्यावरणावरील आघाताच्या मूल्यांकनासंबंधी १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या केंद्रीय अधिसूचनेनुसार, ज्या प्रकल्पांना जनसुनावणी आवश्यक आहे त्यांच्या अहवालाचा मसुदा व त्याचा सारांश सुनावणीपूर्वी लोकांना पाहण्यास उपलब्ध करावयाचा असतो. सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद इत्यादी ठिकाणी हे कागद ठेवावयाचे असतात आणि सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावयाची असते. भूसंपादनाच्या २०१३ सालच्या कायद्यातही प्राथमिक अधिसूचनेत सामाजिक आघाताच्या अहवालाचा सारांश देण्याची तरतूद आहे.

ही व्यवस्था चांगली आहे. पण तिच्यात एक खाच आहे आणि पंचायत सदस्यांनी ती ओळखून असावे. सारांश मराठीत असतो, सविस्तर अहवाल मात्र पुष्कळदा इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो. त्यामुळे गावाच्या दृष्टीने सारांश हाच अहवाल होऊन बसतो. सारांश लिहिणारा खोटे लिहीत नसेलही. परंतु काय गाळावयाचे हे तोच ठरवितो आणि गाळणे म्हणजे एक प्रकारचा निर्णयच असतो. ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात किती घटेल हा मजकूर मूळ अहवालात कोष्टकाच्या तळाशी असू शकतो आणि सारांशात 'जलस्रोतांवर फारसा परिणाम अपेक्षित नाही' एवढेच उरते. म्हणून सूचना हाती पडताच पंचायतीने दोन-तीन माणसे नेमून, त्यांत एखादा माध्यमिक शिक्षक किंवा गावातील महाविद्यालयीन विद्यार्थी घेऊन, मूळ अहवालातील पाणी, जमीन आणि रस्ते यांवरील प्रकरणे तरी वाचून घ्यावीत. ३० दिवसांत एवढे होऊ शकते. सुनावणीच्या दिवशी 'आमचा विरोध आहे' किंवा 'आमचा पाठिंबा आहे' असे म्हणण्यापेक्षा 'अमुक पानावरील आकड्याचा अर्थ काय' असे विचारणाऱ्या गावाचे म्हणणे नोंदवून घेणे भाग पडते.

आपणही सारांश करतोच. वरून आलेले परिपत्रक आपण सभेत दोन वाक्यांत सांगतो. त्या वेळी एक पथ्य पाळावे. ऐकणाऱ्याच्या विरुद्ध जाणारी अट प्रथम सांगावी. अनुदान मिळेल हे सांगून, आधी स्वतःचे पैसे खर्च करावे लागतील हे न सांगणे, हा सारांशातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग दोष आहे.

मेंढ्यातील रीत

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड गाव आपल्या ग्रामसभेमुळे देशभर ओळखले जाते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या यशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यामागील कामाची रीत मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

मेंढ्यात निर्णय ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. पण त्याआधी विषय अभ्यासगटात येतो. अभ्यासगटात कोणीही बसू शकतो, बाहेरचा जाणकारही बोलावता येतो. तेथे कायदा वाचला जातो, जंगलाची मोजदाद मांडली जाते, शंका काढल्या जातात. तेथे घाई नसते. अभ्यासगट निर्णय घेत नाही आणि ग्रामसभा अभ्यासावाचून निर्णय घेत नाही. म्हणजे दीर्घ आणि लघू या दोन्ही रूपांना त्या गावाने वेगवेगळी बैठकच नेमून दिली आहे. ठराव थोडक्यात होऊ शकतो, कारण त्यामागचा विस्तार लोकांच्या कानावरून आधीच गेलेला असतो. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. सभेत कोणालाच काही ठाऊक नसते, म्हणून चर्चा लांबते. ती लांबते म्हणून कोणीतरी 'आता मंजूर म्हणा' असे ओरडतो आणि ठराव लिहिला जातो.

सर्व गावे मेंढा होणार नाहीत. पाच-दहा हजार वस्तीच्या गावात सर्वसहमती साधणे सोपे नसते. परंतु सभेच्या आठ दिवस आधी एका विषयापुरते चार माणसांनी बसून कागद वाचणे, यासाठी गाव लहान असण्याची अट नाही.

इतिवृत्ताची वही

शेवटी सर्वाधिक दुर्लक्षित लेखनाकडे वळू. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' इतिवृत्तांच्या किती वह्यांत हे वाक्य किती वेळा आले असेल, याची गणती करणे अशक्य आहे. चर्चेत साधक काय होते आणि बाधक काय होते, हे कोठेही नसते. दहा वर्षांनी जमिनीचा वाद न्यायालयात जातो, तेव्हा हीच वही पुढे येते. त्या वेळी सभेला हजर असलेली माणसे हयात असतील किंवा नसतील, असली तरी त्यांना आठवेल असे नाही. ज्या बाईने हात वर करून हरकत घेतली होती, तिची हरकत त्या एका वाक्यात विरून गेलेली असते.

इतिवृत्त म्हणजे भाषणांची जंत्री नव्हे हे खरे आहे. कोणी कोणाला काय सुनावले ते लिहू नये. प्रत्येक विषयाला पानभर जागा देण्याचीही गरज नाही. मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च वाचणे यांसारख्या बाबी एका ओळीत आटोपाव्यात. पण जमीन, पाणी, कर आणि लाभार्थ्यांची निवड या चार विषयांत तरी प्रस्ताव काय होता, कोणती हरकत आली, तिला काय उत्तर मिळाले आणि अखेरीस कोणत्या अटीवर ठरले, हे लिहावे. हरकत फेटाळली गेली तरी ती नोंदवावी. फेटाळल्याचे कारणही लिहिले तर हरकत घेणाऱ्यालाही आपले ऐकले गेले असे वाटते. लिहून झाल्यावर सभेतच ते वाचून दाखवावे. 'नंतर लिहून काढू' म्हणून कोरी पाने सोडण्याची पद्धत तर तत्काळ बंद झाली पाहिजे.

हे कौशल्य शाळेतच रुजविता येईल. सारांशलेखन आणि निबंधलेखन हे दोन्ही प्रकार मुलांना शिकविले जातात. पण ते एकाच विषयावर आणि एकाच वेळी क्वचितच लिहून घेतले जातात. आठवीच्या वर्गाला शाळेच्या बालसभेचे किंवा गावच्या ग्रामसभेचे वृत्त आधी पाच ओळींत आणि मग दोन पानांत लिहावयास सांगावे. नंतर दोन्ही समोर ठेवून, पाच ओळींतून काय गळले याची यादी मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्यावी. बहुतेकांच्या पाच ओळींतून ज्याचे म्हणणे मान्य झाले नाही त्याचे नाव गळालेले आढळेल. फळ्यावरील यादीसाठी एक तासिका पुरते. दोन पानांचा मजकूर मात्र मुलांना घरी, सावकाश लिहू द्यावा.